अण्णांचे गुडघे वाताचे नव्हते

लोणंद, १२ ऑगस्ट १९९६

आज दवाखान्यात चारचौघांत ओरडलो आणि मला त्याचा अभिमान वाटतोय. अण्णांचे गुडघे भोपळ्यासारखे सुजलेत, डोळे लाल. शिलाई मशीनचं पायडल हलवता येत नाही. तरी डॉक्टरांना सांगतात काय, "वात हाय, दुसरं काय न्हाई." लघवीच्या पिशवीच्या कॅन्सरसाठी मिरजेला टीबीची लस नळीनं थेट पिशवीत सोडतात, हे मात्र गिळून टाकलं. लाज. मागच्याच बाकावर गिरणीवाल्यांची रेखा. तिच्यादेखत मी तरी कसं बोलणार? पण बोललो. सगळं, मोठ्यानं. रेखानं ऐकलं असणारच.

डॉक्टरांचा पेन थांबला. "हे आधी का नाही सांगितलं? त्या लसीनं क्वचित असे सांधे सुजतात. पुढचा डोस घेऊ नका, उद्याच मिरजेला दाखवा."

बाहेर अण्णा म्हणाले, "अब्रू काढलीस रं माझी."

"आवं, गुडघं तर वाचतील."

तेवढ्यात रेखा आपला नंबर सोडून बाहेर आली. तिनं अण्णांचा दुसरा हात धरला. अण्णा तिला म्हणाले, "ह्याचं कॉलेज सुटलं ते सुटलंच, आता तोंडबी सुटलंय."

"तोंड सुटलं ते बरंच झालं, काका."

असं म्हणाली. माझ्याबद्दल. रेखा.