टाचणीखालचा धडा

ताम्हिणी, ता. ४ मे १९८३

चि. नथूस ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इथलं सगळं कुशल आहे असं लिहायची रीत आहे, पण मला ते लिहवत नाही. तुझ्या नववीच्या वर्गातली सारजा, आमच्या वरच्या वाडीतली, परवा उपकेंद्रात माझ्या हातावर बाळंत झाली. मूल मेलेलंच आलं. पोर पंधरा वर्षांची. आई-बाप आठ महिने वीटभट्टीवर, ही शाळेसाठी मुळशीत मावशीकडे. तुमच्या शाळेच्या अध्यक्षांच्या मुलाशी जुळलं; तोही पंधराचाच. हे कसं झालं विचारलं, तर म्हणाली की हळद लागल्याबिगर पोर व्हतच न्हाई, असं तिला वाटलं होतं. तुम्ही मास्तर लोक शिकवता तरी काय? शिसारी आली मला.

बाप आता तिला चाळिशीच्या बिजवराला द्यायला निघालाय. बारा जूनची तारीखही धरली. पुण्याच्या मुलींच्या वसतिगृहात मी जागा मिळवली आहे. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला हवा. वर्गशिक्षक तूच, लगेच पाठव. आणि तपकीर कमी ओढ, तुझ्या बायकोची, रत्नाची, तक्रार आली आहे.

तुझी,
तुळजाताई

मुळशी, ता. १२ मे १९८३

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

दाखला सोबत आहे. रागावू नकोस, वर्तनाच्या रकान्यात 'असमाधानकारक' लिहावं लागलं. अध्यक्ष समोरच बसले होते. त्यांच्या मुलाला पुण्याला मामाकडे घातलं, त्याच्या दाखल्यावर 'उत्तम' आहे. मुलाची चूक झाली, मुलीचं पाऊल वाकडं पडलं, असं ते म्हणाले. मुलींनीच जपायला हवं, हे तुलाही पटेल. हल्ली जत्रेत व्हिडिओ लागतात, त्यानं पोरं बिघडली. आम्ही शिकवण्यात कुठे कमी पडलो नाही. तपकीर कमी केली आहे.

धाकट्यावर माया असू द्यावी.
नथू

ताम्हिणी, ता. २४ मे १९८३

चि. नथू, आशीर्वाद देते, पण जिवावर येऊन.

तो दाखला बघून वसतिगृहाच्या बाईंनी नकार कळवला. 'उत्तम' तुझ्याच हातचं, 'असमाधानकारक'ही तुझ्याच. तुझा हात धरून पाटीवर अक्षरं गिरवून घेतली होती मी. आज त्याच अक्षराची किळस आली.

सारजाची पुस्तकं चाळली. शास्त्राच्या पुस्तकात प्रजननाच्या धड्याची पानं टाचणीनं बंद. विचारलं, तर म्हणाली की नथू गुरुजींनीच समद्यांना लावाय सांगितली हुती, आन् गुरुजींचा शब्द मोडायचा न्हाई म्हणून तिनं ती कधी काढलीच न्हाई. नथू, या पोरीच्या वर्तनाला तू असमाधानकारक म्हणतोस!

ती टाचणी पाकिटात घातली आहे. जपून उघड.

तुळजा

मुळशी, ता. १ जून १९८३

ती. ताईस नमस्कार.

पाकीट घाईनं फोडलं, टाचणी बोटात गेली. दाखला नव्यानं लिहिला आहे, 'उत्तम' असा. अध्यक्षांना कळलं तर माझं काही खरं नाही, पण पोर तरी सुटेल. बिजवराच्या आधी तिला पुण्याच्या गाडीत बसवून दे.

काल सुट्टीतल्या जादा तासाला नव्या पोरांना तो धडा शिकवायचा म्हणून वर्गात उभा राहिलो. धड्याचं नाव फळ्यावर लिहिलं, पुसलं, आणि पुढचा धडा काढला. स्वतःचीच घाण वाटते. सारजाच्या वर्गातल्या बाकीच्या पस्तीस पुस्तकांत टाचण्या अजून तशाच आहेत.

सारजाची तेवढी या पत्राला लावली आहे, दाखला निसटू नये म्हणून.

नथू