दिवा आपोआप विझेल

२ जानेवारी
संकल्प. (१) या घरातलं अंदाजाचं राज्य संपवायचं. यापुढे प्रत्येक गोष्ट मोजून. (२) रोज लिहायचं. (३) २८ फेब्रुवारीला पदवीदान. आई-बाबांना माझ्या गाडीतून न्यायचं, घाट चढून, मी चालवत. घराण्यातली पहिली पदवी, ती बसने आणायची नाही.

गाडी मामांची. लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार, बारा वर्षं जुनी, दोन वर्षं ताडपत्रीखाली. मामा म्हणाले, चालवशील तर तुझी. आई म्हणाली, माझ्या भावाने फुकट दिलेली एकही वस्तू आजवर धड निघालेली नाही. आईला आकडेवारीचं शिक्षण नाही.

६ जानेवारी
संकल्प (२) मोडला. कारण: गाडी.

गाडी सुरू झाली. किरकोळ बाब: डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागून राहतो. इंटरनेटवर वाचन केलं. अकरा जणांनी लिहिलंय की जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये हा बहुतेक सेन्सरचा बिघाड असतो, दिवा आपोआप विझतो. बाराव्याने वेगळं लिहिलंय, पण त्याची भाषा उद्धट आहे.

संध्याकाळी बाबांनी गॅरेजातून येऊन ऐकलं. त्यांची पद्धत: हातभर लांब स्क्रूड्रायव्हर, टोक इंजिनावर, लाकडी मूठ कानाला, डोळे मिटलेले. तीस वर्षं हेच. बाबांनी नुसतं ऐकावं म्हणून लोक लांबून ट्रक घेऊन येतात. म्हणाले, पोरी, खालून ठकठक येतेय. बारीक आहे अजून. उघडून बघू. मी म्हटलं, बाबा, दिवा सेन्सरचा आहे. ते म्हणाले, मी दिव्याबद्दल कुठे बोलतोय?

९ जानेवारी, रात्री ८
गाडीला जोडायचा स्कॅनर आणून दिव्याची नोंद पुसली, दिवा गेला. विज्ञान!

९ जानेवारी, रात्री ८.२५
दिवा परत.

१५ जानेवारी
थ्रॉटल रिस्पॉन्स बॉक्स आला. पेडल आणि त्याच्या वायरच्या मध्ये बसवायचा. एक ते नऊ नंबर. नऊवर पाय नुसता टेकवला तरी गाडी उसळते. मी स्वतः बसवला, वीस मिनिटांत. बाबांना तत्त्व समजावलं: इंजिनाची ताकद वाढत नाही, पाय जास्त दाबलाय असं त्याला कळवलं जातं. बाबा म्हणाले, म्हणजे पायाने एक सांगायचं आणि ह्याने इंजिनाला चार सांगायचं. आमच्यात त्याला चुगलखोर म्हणतात.

सातवर ठेवलाय. घाटासाठी नऊ.

गाडीखाली तेलाचा डाग, बशीएवढा. जुना असावा.

२० जानेवारी
बाबा म्हणाले, ठकठक वाढली. आज त्यांना शांतपणे सत्य सांगितलं. तीस वर्षं ठोकाठोकीत, शेजारी पत्रे बडवणारे डेंटिंगवाले काका. कान राहतील कसे? ठकठक गाडीत नाही, कानात आहे. वय आणि श्रवणशक्तीचा आलेख काढून दाखवला. बाबांनी आलेखाच्या रेषेवरून बोट फिरवलं. म्हणाले, तू शिकलीस, तुझं बरोबर असेल.

मोठा विजय. जेवताना मात्र बाबांनी आमटी तशीच संपवली. तीत मीठ नव्हतं, तरी.

२८ जानेवारी
बाबा स्वतःहून कान तपासून आले. रिपोर्ट बंद पाकिटात. तपासणाऱ्या बाईने सांगितलं, डॉक्टर पुढच्या महिन्यात भेटतील. घरातला प्रत्येक इंग्रजी कागद माझ्याकडे येतो, तसा हाही आला. बाबा समोर उभेच राहिले. मी म्हटलं, काय असणार ते माहीतच आहे, सवडीने वाचते. पाकीट गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलं.

५ फेब्रुवारी
वाटेत डेंटिंगवाले काका भेटले. चिडलेले. म्हणाले, काल एक ट्रकवाला शंभर कोस तुडवून आला, तर तुझा बाप त्याला सांगतो, दुसऱ्याला दाखव, माझे कान गेले. आता नुसतं ऑइल आणि चाकं बदलतो. अगं, मी पत्रा ठोकत असताना हा माणूस पलीकडून ओरडून सांगतो की तुझ्या हातोडीचा दांडा सैल झालाय. कान कसले गेले?

ही सगळी सांगोवांगी. लेखी पुरावा नाही.

११ फेब्रुवारी
दिवा आता लुकलुकतो. मॅन्युअल काढलं. त्यात लिहिलंय, लुकलुकल्यास गाडी ताबडतोब थांबवा. कंपन्या स्वतःची कातडी वाचवायला असं लिहितात. दिव्यावर काळ्या टेपचा तुकडा लावला. तात्पुरता उपाय, एकाग्रतेसाठी. आपोआप विझेल तेव्हा काढीन.

डाग ताटाएवढा. गल्लीतलं कुत्रं रोज गाडीखाली झोपायचं, आता समोरच्या पायरीवर झोपतं. गाडीकडे तोंड करून.

१९ फेब्रुवारी
आई म्हणाली, ठकठक मलाही येते ऐकू, माझेही कान गेले का गं? मी म्हटलं, अशा गोष्टी आनुवंशिक असतात. आई-बाबा एकमेकांचे रक्ताचे नाहीत, हे नंतर लक्षात आलं. पण तेव्हा ती कपडे वाळत घालायला गेली होती.

मला स्वतःला काहीच ऐकू येत नाही. रेडिओ लावलेला असतो.

२५ फेब्रुवारी
गॅरेजात गेले होते. डेंटिंगवाले काका बाबांच्या स्क्रूड्रायव्हरने रंग ढवळत होते. म्हणाले, देऊन टाकला त्याने. मूठ एका बाजूने झिजलेली आहे, बरोबर कानाएवढी. हे आधी कधी पाहिलं नव्हतं.

संकल्प: पदवीदान झालं की ते पाकीट वाचायचं.

२८ फेब्रुवारी, पहाटे ५.३०
निघतोय. आई मागच्या चिंचोळ्या सीटवर आडवी बसलेली, मांडीवर डबा. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातलाय. बसण्याआधी त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, लगेच काढून घेतला. नंबर नऊ.

२८ फेब्रुवारी, सकाळी १०
घाटात, कठड्याला टेकून लिहितेय.

चौथ्या वळणावर बाबा म्हणाले, बाजूला घे. मी त्यांच्याकडे बघितलं तर म्हणाले, नाही नाही, माझं काय ऐकतेस, चालव तू. मी पाय टेकवला. खालून कुणीतरी ऐरण फेकल्यासारखा आवाज झाला. इंजिनाच्या कुशीला मूठ जाईल एवढं भोक. मागे वळणापर्यंत तेलाचा पट्टा. कुणाला लागलं नाही. डबा सांडला.

पदवी पोस्टाने येते म्हणे.

कप्प्यात टोइंगवाल्याचा नंबर शोधताना पाकीट हाताला लागलं. बाबांनी विचारलं, काय लिहिलंय? वाचून दाखवलं. दोन्ही कान उत्तम. या वयाच्या माणसाच्या मानाने फारच उत्तम. ते म्हणाले, परत वाच. परत वाचलं.

मग त्यांनी बाही सरकवून बॅटरीची वायर सोडवली, हात गवताला पुसले आणि म्हणाले, डेंटिंगवाल्याकडून माझा स्क्रूड्रायव्हर मागून आण. रंग धुऊन आण.

हो म्हटलं.

टेप काढून बघितली. दिवा विझलाय.