तू ठेवलेली नावं

दादा,

काल निकाल माझ्या बाजूने लागला आणि तू वळूनही न बघता निघून गेलास. संध्याकाळी फोन केला, तर वहिनी म्हणाली, "ते बोलणार नाहीत."

मला जन्मभर नावं ठेवलीस, पण आपण दोघांनी रक्तपेढ्यांसाठी बनवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या आज्ञांना मात्र छान नावं ठेवलीस. 'गट सांग', 'पिशवी राखून ठेव'. त्यासाठी दोन वर्षं नर्सबाईंच्या शेजारी बसलास. भांडून धंद्यातून वेगळी झाल्यावर मी आतला सगळा प्रोग्राम नव्याने लिहिला, पण आज्ञा तुझ्याच ठेवल्या. चाळीस दवाखान्यांना त्यांचीच सवय होती. आज्ञा चोरल्या म्हणून तू कोर्टात गेलास.

"दुसरी नावं सुचली नसती का?" तुझ्या वकिलाने विचारलं.

"त्यात सुचायचंय काय? ही कुणालाही सुचली असती," मी म्हणाले. लोक हसले. तू मान खाली घातलीस.

ते खोटं होतं, दादा. तीन महिने मी दुसरी नावं लावून पाहिली. दरवेळी नर्सबाई गोंधळायच्या, भलतीच पिशवी राखली जायची.

अशा आज्ञांवर कुणा एकाचा हक्क नसावा, असं मला आजही वाटतं. पण त्यासाठी तुझं काम क्षुल्लक ठरवायची गरज नव्हती. "ही माझ्या भावाने घडवली," एवढं म्हणायला जीभ रेटली नाही. हरेन असं वाटलं.

हे पाठवलं तर तुझा वकील अपील करून ते वरच्या कोर्टात वाचून दाखवेल. चारचौघांत तुझं कौतुक करायचं धाडस मला तेव्हा झालं नाही, आणि आजही होत नाहीये.

तुझी,
धाकटी