गावच्या जावयाची धुलाई

८ फेब्रु., शनि. जळगाव
चित्रपट मंडळात अकरा वर्षं सभासद, यंदा पहिल्यांदा महोत्सवाची परीक्षक केलं. आम्ही तिघं: अध्यक्ष प. सर, डॉ. मॅडम आणि मी. आज पाच सिनेमे. चारांत माणसं खिडकीबाहेर बघत बसतात. पाचवा दोंडाईच्याच्या पोरांचा, अहिराणी, मारामारीचा. उद्या लिहीन. हसून हसून डोकं दुखतंय.

९ फेब्रु., रवि.
गोष्ट पोस्टकार्डावर मावेल. गुंड गावाची विहीर बळकावतो, हिरो त्याला बदडतो. रक्त म्हणजे कुंकवाचं पाणी. उडवलेली जीप पुढच्या शॉटमध्ये मागे धडधाकट उभी.
पण ऐन मारामारीत कळतं की गुंड गावचा जावई. झालं. अख्खं गाव काठ्या खाली करतं, बाया डोक्यावर पदर घेतात. हिरो पुढे होतो: "तू गावना जवाई शेस. पहिले पाया पडस, मंग मारस." रीतसर टॉवेल-टोपी देतो, वाकून पाया पडतो, आणि मग जो काही धुतलाय त्याला. तोही मार खाताना टोपी सांभाळतोय.
मी शिट्टी मारली. दोन बोटं तोंडात घालून, चौपन्नाव्या वर्षी. मॅडम बघतच राहिल्या.

११ फेब्रु., मंगळ.
बैठक. सर म्हणाले, कथाच नाही. मॅडम म्हणाल्या, पाया पडून मारणं अतार्किक. त्या पुण्याच्या, त्यांचं सोडा. पण सर पिंपळनेरचे, आमच्याच अहिराणी मुलखातले. जावयाला साधं 'अरे' म्हणून बघा म्हणावं घरी. तेही मॅडमच्या बोलण्याला मान डोलावतात.
मी विशेष उल्लेख मागितला. तो मिळाला तरच सिनेमा समारोपाला दाखवतात. सर म्हणाले, मंडळाची एक पातळी आहे. मग हळूच: "ताई, तुम्ही बोलीच्या प्रेमापोटी बोलताय."
तळपायाची आग मस्तकात गेली. असेल प्रेम. मग?

१३ फेब्रु., गुरु.
स्वतःचाच राग येतोय. कॉलेजात पहिल्या वर्षी तोंडून अहिराणी निघाली, वर्ग हसला. तेव्हापासून जीभ धुऊन ठेवली ती ठेवलीच. अकरा वर्षं यांच्यात बसून, ज्या सिनेमांना मला झोप लागली त्यांनाही 'अस्वस्थ करणारा' म्हणाले. लाज वाटते.
हे म्हणाले, कशाला वाकडं घेतेस, पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत. खरंय. परीक्षक व्हायची हौस मलाच होती. नाही बोलावलं तर नाही.

१४ फेब्रु., शुक्र. धुळे
अक्काकडे आले. लॅपटॉपवर तिला सिनेमा दाखवला (नियमात बसत नाही, माहीत आहे). मध्यंतरानंतर रेंगाळतो, हेही आज दिसलं. अक्का मात्र गुडघे चोळत खदाखदा हसली. गोष्ट कशी वाटली विचारलं, तर म्हणाली, "गोट काय करनी शे? मज्या उनी ना."
मजा आली, संपलं. हे मंडळाच्या भाषेत कसं लिहायचं, कोण जाणे. नाहीच लिहायचं त्या भाषेत.

१६ फेब्रु., रवि. जळगाव
निकालपत्र घरी आलं. 'एकमताने' असं छापूनच. दोन सह्या झालेल्या, माझी जागा रिकामी. दोंडाईच्याचं नाव कुठेच नाही. तिसऱ्या सहीशिवाय निकाल जाहीर करता येत नाही, आणि समारोप शनिवारी.
'एकमताने' खोडलं. खाली लिहिलं: कथा पातळ आहे. मला सिनेमा फार आवडला. विशेष उल्लेख द्यावा. सही न करता परत पाठवलं.
संध्याकाळी सरांचा फोन. आवाज गोड. उद्या स्वतः घरी येतायत, कागद घेऊन, मॅडमनाही आणतायत.
येऊ देत. चहा टाकीन, शेव-चिवडा ठेवीन, बसा म्हणेन. बोलणार अहिराणीत. सही मागतील तेव्हा बघू कोण आधी उठतं.