तिसऱ्यांदा जाण्याआधी

प्रिय ताई,

सकाळपासून कळा येताहेत आणि त्या खऱ्या की खोट्या हे मला कळत नाहीये. हस खुशाल. अर्धं आयुष्य प्रसूतिकक्षात घालवलेली नर्स मी. दुसरीच्या पोटावर हात ठेवून सांगते, घरी जा, अजून वेळ आहे. स्वतःच्या पोटावर हात ठेवला की हाताला काय लागतंय आणि पोटाला काय होतंय याचाच घोळ होतो. दोनदा बॅग घेऊन धावत गेले, दोनदा हात हलवत परत आले. दुसऱ्या वेळी तर मीच शिकवलेल्या पोरीने माझंच वाक्य मला ऐकवलं, जरा चाला, थांबल्या तर खोट्या. आणि थांबल्या की गं! वॉर्डभर हसं झालं.

पण घरी त्या अगदी शहाण्यासारख्या यायच्या, पाठीतून निघून पुढे, दर वेळी जास्त जोरात. आम्ही बायकांना समजावतो, बाळाचं डोकं खाली दाबतं, त्या दाबाने ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढतं, त्याने कळ वाढते, कळेने डोकं आणखी दाबतं. असं करत करत गर्भाशयाचं तोंड उघडतं. बाई घाबरली तर हे सगळं अडतं, हेही सांगतो. माझं दर वेळी प्रसूतीच्या खोलीच्या दारातच अडतं. आमच्या इस्पितळात खोली तेवढी एकच. मग कळा खोट्या होत्या की मी घाबरट, सांग बरं.

त्याच खोलीत तुझं बाळ झालं आणि रडलं नाही. त्यानंतर माझ्या पोटाबद्दल तू अवाक्षर काढलं नाहीस, मीही नाही. तू आलीस की मी मांडीवर उशी घेऊन बसायचे. एवढं पोट उशीने झाकलं जातं होय? मग शेजारणीच्या हाती तू लोकरीचे मोजे पाठवलेस. नवे विणलेस की तेव्हाचेच आहेत, विचारायचं धाडस झालं नाही. खूप रडले मी. आनंदाने की भीतीने, देव जाणे.

कळ आलेल्या बाईला आम्ही बोलतं ठेवतो. वाक्य मध्येच तुटलं तर कळ खरी. घरात बोलायला कोणी नाही, नवरा कामावर, म्हणून तुला लिहायला बसले. अक्षर जिथे वाकडं झालंय तिथे पेन धरवत नव्हतं. म्हणजे खऱ्याच आहेत. फोनवर हे तोंडातून निघालं नसतं, म्हणून चिठ्ठी शेजारणीकडे देऊन मी निघतेय. तुला त्या खोलीत बोलावणं निर्दयपणाचं आहे, कळतं मला. तुझ्याशिवाय ते दार माझ्याने ओलांडवणार नाही, हेही कळतं. यातल्या कशाला मान द्यावा, ते मात्र कळत नाही. नाही आलीस तर जन्मात कधी शब्दाने विचारणार नाही. पण ये ना गं.

तुझीच,
धाकटी