ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं

साहेब,

तुम्हाला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. ‘चहा’ आणि ‘पुरे’ हे दोन शब्द माझ्या बायकोने तुम्हाला शिकवले होते, त्यातला ‘पुरे’ तुम्ही कधी वापरला नाहीत. म्हणून तर मराठीत लिहितोय. इंग्रजीत लिहायला बसलो की माझा ऑफिसातला मेल होतो, आणि तुमच्यासमोर जसा कायम बेताने बोलायचो तसाच इथेही बोलेन. आता बेताने बोलण्यात अर्थ नाही. तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली आणि मला तुमच्या देशावरून तुमच्याशी भांडायचं आहे. दुसऱ्या कोणाशी भांडणार? माझा मुलगा, जो आता तुमच्याच टेक्ससमध्ये नोकरी करतो, महिना होत आला माझ्याशी बोललेला नाही. आणि त्याला कारण तुमचा एक फोटो आहे.

पण आधी बहारीन, आपलं मआमीर. आमचं वर्कशॉप अजून तिथेच आहे, तोच उग्र वास, गेटासमोर तीच चहाची टपरी, फक्त मालक बदललाय. मी नवीन लागलो तेव्हा तुम्ही पहिल्या दिवशी माझ्या हातात पाना न देता कुलूप दिलंत. मशीन दुरुस्तीला काढलं की ज्याने त्याने मेन स्विचला आपापलं कुलूप लावायचं आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवायची. चार माणसं काम करत असली तर चार कुलपं. काम संपलं की ज्याचं त्याने काढायचं, दुसऱ्याच्या कुलपाला कोणी हात लावायचा नाही. कारण उघडच आहे, आत कोणाचा तरी हात असू शकतो. हे सगळ्याच कंपन्यांत भिंतीवर लिहिलेलं असतं. पण तुमच्यासारखं पाळणारं माणूस मी नंतर पाहिलं नाही.

तुम्हाला तो दिवस आठवतो का? आपला एक बिहारी हेल्पर रजेवर निघाला आणि घाईत कुलूप तसंच ठेवून गेला. मशीन तयार, माल खोळंबलेला, मॅनेजर लालबुंद होऊन कटर घेऊन उभा. ‘‘तोडो इसको, खलास करो,’’ तो म्हणतोय. तुम्ही पॅनेलला पाठ लावून उभे राहता आणि शांतपणे सांगता की हे कुलूप माझं नाही, तुमचंही नाही आणि कंपनीचंही नाही. मग मला म्हणता, ‘‘यल्ला, गाडीत बस.’’ आपण मुहर्रकला विमानतळावर जातो. तो बिचारा रांगेत, डोक्यावर ब्लँकेटचं गाठोडं, तुम्हाला पाहून त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. त्याला वाटलं व्हिसा गेला. आणि तुम्ही, एवढे सहा फुटी साहेब, त्याला विचारता की तुझं कुलूप उघडायची मला परवानगी आहे का. मी हिंदीत सांगितलं तरी त्याला कळेना. चावी काढून देताना ‘‘साब, आप मालिक हैं, हमसे क्या पूछना,’’ असं तो म्हणाला. मी ते तुम्हाला इंग्रजीत सांगितलं तर तुम्ही मान हलवलीत, नाही, मालक तू आहेस.

परतीच्या वाटेवर तुम्ही म्हणालात की माझ्या देशाबद्दल कोणी विचारलं तर हे सांग. आमच्याकडे कितीही मोठा माणूस खुर्चीवर बसला तरी त्याला साध्या माणसाचं कुलूप तोडता येत नाही. मी तेव्हा तिशीच्या आतला, कोकणातून आलेला, सरकार म्हणजे तलाठी एवढीच माझी समज. मला ते वाक्य इतकं भारी वाटलं की मी ते गावाला फोन करून थोरल्या भावाला सांगितलं. तो म्हणाला, ‘‘बरा आसा, पगार कधी वाढता?’’

जेवणाच्या सुट्टीत तुम्ही डबा उघडून डोळे मिटायचात, ओठ हलायचे, मगच घास. त्यावर एकदा मी मागे कोणाला तरी काहीतरी चेष्टेने बोललो. तुम्ही ऐकलंत आणि एवढंच म्हणालात की तोंडावर बोलता येत नाही ते पाठीमागे बोलू नये. अंगावर ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुमच्या गावच्या गोष्टी त्याच सुट्टीतल्या. निवडणुकीत तुमचा माणूस हरला की दुसऱ्या दिवशी तुम्ही अंगणातली पाटी उपटून ठेवायचात आणि जिंकलेल्या पक्षाचा शेजारी तुमचं कुंपण बांधायला यायचा. रविवारी चर्च, म्हाताऱ्या आईला जेवायला घेऊन जाणं, उधारी न ठेवणं, मुलांनी मोठ्यांना ‘सर’ म्हणणं. मला यात परकं काही वाटायचं नाही. आमच्याकडे तिन्हीसांजेला दिवा लागल्यावर पाय पसरून बसलं तरी आई डोळे वटारायची. मी तुमच्याकडूनच शिकलो की जुनं ते टाकण्याआधी ते कोणी आणि का ठेवलं होतं हे विचारावं. लोक मला जुनाट म्हणतात. म्हणोत.

तुमची लेक सुट्टीत यायची. कॉलेजातली, केस पिवळे, उन्हाने नाक लाल. एकदा आमच्याकडे जेवायला आणलीत तिला. बायकोने घावणे आणि नारळाचा रस केला होता. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ती उभ्याउभ्या खात राहिली, तव्यावरचा प्रत्येक घावणा तिच्याच ताटलीत. बायको मला हळूच म्हणाली, ‘‘पोर उपाशी आसा काय वो?’’ पुढे तुम्ही गेल्याचं तुमच्या लेकीनेच कळवलं. नंतर तिने आपलं चॅनल सुरू केलं. राजकारण, संसार, देव, शाळा, तुमच्या घराच्या ओसरीवर बसून बोलते. झिंजच्या घरून मआमीरला जाताना मी रोज गाडीत ऐकतो. एखादं वाक्य संपवताना ती तुमच्यासारखीच थांबते, आणि मला स्टिअरिंगवर उगाच भरून येतं.

ती खोटं बोलत नव्हती, साहेब, हे मी तुमच्याशी भांडताना आधीच कबूल करतो. तुमच्या देशात घरं मोडली. म्हातारे एकटे मरतात आणि वास आल्यावर कळतं. पोरांना शाळेत आपल्या बापजाद्यांची लाज वाटायला शिकवतात, पुतळे पाडून टाळ्या पिटतात, आणि कोणी शांतपणे ‘का’ विचारलं तर त्याची नोकरी जाते. लग्न म्हणजे जुलूम, देव म्हणजे अडाणीपणा, शिस्त म्हणजे छळ. सरहद्दीला फाटक असावं म्हटलं तर माणूस निर्दयी ठरतो. मी तर आयुष्यभर दुसऱ्याच्या फाटकाच्या आत राहिलोय. सीपीआर कार्डाची, म्हणजे इथल्या ओळखपत्राची, तारीख संपायच्या आधी नवं करतो, कायदा पाळतो, काम संपेल त्या दिवशी सामान बांधेन. बहारीनने मला कधी ‘तू आमचाच’ असं सांगितलं नाही आणि मीही मागितलं नाही. पाहुण्याने पाहुण्यासारखं राहावं हे मला मान्य आहे. म्हणून मी तुमच्या लेकीचे व्हिडिओ मुलाला पाठवायचो. बघ, ही बाई काय बरोबर बोलते.

मग तिची भाषा पालटली. केव्हा, ते मला नेमकं सांगता येणार नाही. आधी ती घर सावरा म्हणायची, मग घर कोणी मोडलं ते शोधा म्हणायला लागली, मग एकेकाकडे बोट दाखवायला लागली. हसणं वाढलं. कोणाला बेड्या घालून नेलं की हसायचं, कोणाचं दुकान बंद पडलं की हसायचं. तुम्ही कोणावर हसलेलं मी पाहिलं नाही. पलीकडच्या लोकांनी सगळी कुलपं तोडली म्हणून आम्ही ओरडत होतो. आता आपलीच माणसं कटर घेऊन उभी आहेत, आणि पॅनेलला पाठ लावून उभं राहणारं कोणी नाही. जपायचं म्हणणाऱ्यांनीच जपणं सोडलं, तर आमच्यासारख्या जुनाट माणसांनी जायचं कुठे? समोरच्यांकडे मी जाऊ शकत नाही, त्यांना मी आधीच नकोय.

त्या सकाळी तिने तुमचा फोटो टाकला होता. टोपी, तो चौकडीचा शर्ट, मागे वर्कशॉपचं शटर. मी गाडीत बसतच होतो. आमच्याकडे गेलेल्या माणसाचा फोटो समोर आला की हात आपोआप जोडले जातात, काही वाचायचं नसतं त्यात. माझा अंगठा तसाच गेला. लाइक पडलं, मी फोन ठेवला आणि कामावर गेलो. फोटोखालचा मजकूर मी वाचलाच नाही. तिने लिहिलं होतं की माझ्या वडिलांनी घाम गाळून हा देश उभा केला, आणि आता व्हिसावर आलेले भारतीय तो फुकटात गिळतायत, या एकूण एकांना विमानात भरून परत पाठवा.

मुलाचा फोन दर शुक्रवारी सकाळी येतो. तिकडे गुरुवारची रात्र असते, त्याची जेवणं उरकलेली असतात. तो मराठी सगळं समजतो आणि उत्तर इंग्रजीत देतो, तुम्ही त्याला लहानपणी यावरून चिडवायचात. त्या शुक्रवारी त्याने नमस्कार-चमत्कार काही केलं नाही.

‘‘बाबा, यू लाइक्ड इट?’’

मी म्हटलं, काय? त्याने सांगितलं. मी म्हटलं, अरे, साहेबांचा फोटो होता, मी फोटो पाहिला, खालचं कोण वाचतं?

‘‘यू ऑल्वेज अग्रीड विथ हर,’’ तो म्हणाला. आणि मग, ‘‘शी मीन्स मी, बाबा.’’

मला म्हणायचं होतं की तुझ्याबद्दल नाही रे, ती तुला ओळखते, तू तिच्या मांडीवर बसून खजूर खाल्लेत. पण ते म्हणणं म्हणजे तिच्या बाजूने बोलणंच झालं असतं. तिकडे पेट्रोल पंपावर त्याला कोणीतरी ‘गो बॅक’ म्हणून गाडीवर कॉफी फेकली होती, हे मला त्या दिवशी कळलं. त्याच्या आईला माहीत होतं. मला सांगितलं नव्हतं, कारण त्याला वाटलं मी त्या कॉफीवाल्याचंही म्हणणं ऐकून घेईन. फोन त्याने ठेवला. नंतरच्या शुक्रवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आईला मेसेज येतात. मी तिला विचारतो, ‘‘काय म्हणतो?’’ ती म्हणते, ‘‘जेवलो म्हणता.’’

साहेब, तो फोटो मी त्यानंतर नीट पाहिला. तुमचा डावा हात कोणावर तरी टेकलाय आणि तिथेच फोटो कापलाय. कडेला निळ्या कापडाचा एक तुकडा राहिलाय. तो माझा खांदा आहे. तुमच्या निरोपाच्या दिवशीचा फोटो, माझ्याकडे तो पूर्ण आहे, कपाटात, तुम्ही जाताना दिलेल्या पितळी कुलपाच्या डब्यात. तिने मुद्दाम कापलं असेल असं मी म्हणत नाही. तिला फक्त तिचे वडील हवे असतील. पण त्या कापडाखाली तिने जे लिहिलंय ते वाचून मी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो. या वयात, भर सकाळी, मआमीरच्या वळणावर. तुम्ही जिवंत असता तर तुम्ही तिला काय म्हणाला असता, हे मला पूर्वी खात्रीने सांगता आलं असतं. आता ती खात्रीही राहिली नाही, आणि सगळ्यात जास्त त्याचंच वाईट वाटतं. कोण जाणे, तुम्हीही बदलला असता. तिला जे बोलायचंय ते मी तिच्या तोंडावर बोललेलो नाही. तुमच्याकडे बोलतोय, तेही तिला न कळणाऱ्या भाषेत. तुम्ही कपाळाला आठ्या घातल्या असत्या.

बायको रोज म्हणते, ‘‘ता लाइक काढून टाका आधी. आणि तेका सांगा, नको आसात तर घराक ये. गावचा घर आसा, हय आमी आसव.’’ तिच्या लेखी सगळं इतकं सोपं आहे. काल संध्याकाळी भाकरी थापता थापता तिने परत विचारलं, ‘‘काढलास?’’ मी म्हटलं, काढलं. तिने पिठाच्या हातानेच मुलाला मेसेज केला. त्याचं उत्तर आलं, ‘ओके’. नुसतं ओके, पण तिचा चेहरा उजळला. या शुक्रवारी फोन येईल म्हणते. घावण्यांना तांदूळसुद्धा भिजत घातलेत, जसा काही तो फोनमधून जेवायला येणार आहे.

लाइक मी काढलेलं नाही, साहेब. दोनदा अंगठा नेला आणि परत घेतला. ते काढलं की त्या फोटोपाशी तुमच्या हाताखाली माझं काही उरत नाही. आणि माझा मुलगा शुक्रवारी फोन करायच्या आधी एकदा बघून घेईल, मी त्याला ओळखतो.