क्वॉशचा निळा पेला

आईला तिच्या टेनाचा नमस्कार.

मी बेटावर सुखरूप पोचले. भात पोटभर मिळतो, खोकलाही कमी आहे. तुझी कंबर कशी आहे? लाकडं स्वतः उचलू नकोस.

आई, तुझा लेक, आपला क्वॉश सापडला. पत्र वाचून दाखवणाऱ्याला जरा थांबव आणि खाली बस.

त्याला विकून आणलं ते इथल्याच कापसाच्या मळ्यावर. गुलामी उठल्याचं त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं. मग पहिल्याच हिवाळ्यात तापाने गेला. एकटा नव्हता गं. शेजारच्या हॅगरमावशीने त्याला शेवटपर्यंत पाणी पाजलं.

त्याला पुरलं त्या मातीवर त्याचा निळा पेला होता, फुटलेला. मला वाटलं, गुरांनी तुडवला असेल. मी तुकडे जुळवायला बसले, तर मावशी खेकसली, "अगं ए शहरवाले, हात लावू नकोस! मुद्दाम फोडलाय. शेवटचं वापरलेलं भांडं फोडलं नाही, तर गेलेला माणूस घरच्यांनाही ओढून नेतो. आईने एवढंही शिकवलं नाही तुला?"

तू तरी कधी शिकवणार होतीस? आपली माणसं विकलीच गेली. आपल्या हातांनी पुरायला मिळालं कोण?

मी तुकडे होते तसे ठेवले. वर थोडे शिंपले मांडले.

त्याचा लहानपणीचा मातीचा वाडगा तू अजून दर रविवारी धुऊन फळीवर ठेवतेस. मी येईपर्यंत राहू दे तसाच. एकटीने फोडू नकोस.

तुझ्याकडे यायला निघालेली,
टेना